तांडेल गयेहून परत आले

तांडेलांना सैल दोरी बघवत नसे. घिवलीत त्यांच्या पडवीला लागून असलेली खोली मी भाड्याने घेतली, त्या पहिल्याच दिवशी माझ्या बायकोने वाळत घातलेले कपडे त्यांनी एकेक करून उतरवले, दोरी सोडली, पुन्हा ताणून बांधली आणि कपडे होते तसे परत टाकले. त्यात बायकोच्या साड्याही होत्या. ती बिचारी दाराआड उभी राहून बघत होती. मी बाहेर आलो तर मला म्हणाले, "घाटी, अशा गाठी मारशील तर बायको पण सुटून जाईल एक दिवस." आणि हात झटकून निघून गेले.

मी साताऱ्याकडचा. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला बोईसरच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होतो. बरोबरचे बहुतेक जण कुंभवलीच्या चाळींत राहत. मला रंगाचा वास पाळीभर पुरेसा होत असे, म्हणून सायकल हाणत मी समुद्राकाठी येऊन राहिलो. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. तसे गावात तांडेल बरेच होते, पण नुसतं 'तांडेल' म्हटलं की हेच. मी गेलो तेव्हा त्यांनी होडीवर जाणं सोडलं होतं आणि हातांना काम नसल्यामुळे ते साऱ्या गावाच्या गाठी तपासत फिरत. एसटीच्या घंटीची दोरी त्यांनी कंडक्टरच्या देखत सोडून पुन्हा बांधली होती. एका लग्नात तर अंतरपाट धरलेला असताना पुढे होऊन नवऱ्याच्या मुंडावळ्या आवळल्या. मंगलाष्टकं संपेपर्यंत नवरा कपाळ चोळत होता. लोक हसायचे, पण त्यांना कुणी अडवत नसे.

हे वेड जुनं नव्हतं. त्यांची सून मला सांगायची, "मामा आदी असे नव्हते, भाऊ." सासऱ्यांना ती मामा म्हणे. "ह्यांचं ते झालं आणि मग..." एवढं बोलून ती आजूबाजूला बघायची. 'ह्यांचं' म्हणजे तिच्या नवऱ्याचं, तांडेलांच्या एकुलत्या एका मुलाचं. आणि 'ते' म्हणजे काय, हे त्या घरात कुणी उच्चारायचं नव्हतं.

झालं होतं असं. तांडेल तापाने फणफणले होते म्हणून मुलगा त्यांची होडी घेऊन गेला. बरोबर दोघे खलाशी. वादळ झालं. होडी वर गुजरातच्या बाजूला पालथी सापडली. खलाशांची प्रेतं काही दिवसांनी किनाऱ्याला लागली. मुलगा मात्र सापडला नाही. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

कुणी हळहळलं की तांडेल त्याला गप्प करत. "दर्या कुणाला ठेवून घेत नाय. घेतो आणि परत देतो. ते दोगे दिले का नाय? मग माजा पोर दिला नाय म्हणजे काय? घेतलाच नाय." किनाऱ्यावरच्या माणसांचा हा जुना अनुभव आहे, समुद्रात गेलेलं कधी ना कधी वाळूवर येतंच. पण त्या अनुभवातून असला निष्कर्ष काढणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शिवाय शेजारच्या गावातले, हद्द चुकून पकडले गेलेले दोघे मच्छीमार पाकिस्तानच्या तुरुंगातून बऱ्याच वर्षांनी सुटून आले होते, तेव्हा कुणाला ठामपणे काही बोलताही येईना. संध्याकाळी तांडेल पडवीत बसून अणुवीज केंद्राच्या दिव्यांकडे बोट दाखवत. "ती भट्टी बग. लांबून दिसते. आमच्या वेळी नुसती चांदणी असायची, तरी घर सापडायचं. आता पोर चुकंल कसा?"

मला पहिल्यांदा ह्याचं कौतुक वाटलं होतं. आशा सोडायची नाही वगैरे. मग एक दिवस सुनेने मला त्या आशेची दुसरी बाजू दाखवली.

ती बोईसरच्या बाजारात सुके बोंबील आणि सुकट विकायला बसायची. बोलायला फटकळ. नवापूरचा एक बिजवर, स्वतःची होडी असलेला, पदरी लहान मुलगी असलेला, तिला करून घ्यायला तयार होता. त्यांच्यात विधवेचा पाट लागतो, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण जातीचे पंच म्हणाले, नवरा मेला असेल तर पाट. आणि मेला हे बापाने क्रियाकर्म करून सांगायला हवं. बाप सांगेना. नवापूरकर थांबला होता, पण तो तरी किती थांबणार? ती मला म्हणाली, "भाऊ, मी कुणाची कोण, ते एकदा ठरू दे. रांड तर रांड, सवाशीण तर सवाशीण. हे मधलं नको." एवढी जीभ सैल असलेली बाई, पण नवापूरचं नाव निघालं की उगीचच टोपली सारखी करायची.

मग तिने एकदा सासऱ्यांनाच विचारलं. मी पडवीत सायकलचं पंक्चर काढत होतो. ती म्हणाली, "मामा, मी तुमची लेक असते, तर तुमी काय केलं असतं?" तांडेल उठून बोंबील वाळवायच्या बांबू-दोऱ्यांच्या वलांडीखाली जाऊन बसले ते दुपारभर बसले. दोऱ्यांना हातही लावला नाही. संध्याकाळी येऊन मला म्हणाले, "घाटी, गया कुठं हाय?"

गयेला पिंड दिला की पुन्हा काही करावं लागत नाही, गेलेला कायमचा सुटतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. हिंदी त्यांना येत नव्हतं. मला कारखान्यातलं येत होतं, आणि कारखान्याला तेव्हा टाळं लागलेलं असल्यामुळे वेळच वेळ होता. पितृपक्ष तोंडावर आला होता. सर्वपित्री अमावास्येला सकाळी तिकडे पिंड पडेल, त्याच वेळी इकडे किनाऱ्यावर बायका सुनेच्या बांगड्या फोडतील, असं ठरलं. एकदाचं ठरलं म्हणून आम्ही निघताना ती आमच्या पाया पडली.

आमचा प्रवास म्हणजे दरिद्री माणसांनी करावा तसाच. गाडीत दाराशी बसून गेलो. गयेत पितृपक्षाची गर्दी इतकी, की धर्मशाळेच्या पायरीवरही जागा मिळेना. एक टांगेवाला म्हणाला, बोधगयेला जा, तिथे स्वस्तात होईल. म्हणून आम्ही बुद्धाच्या गावी मुक्कामाला गेलो. नाहीतर तांडेलांना बुद्ध कोण हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिथली खोली म्हणजे चार भिंती आणि एक मडकं. तांडेलांनी पिशवीतून सुके बोंबील काढले. मी म्हटलं, अहो, तीर्थाचं गाव आहे. ते म्हणाले, "मग? तीर्थात मासळी नसते?" थोड्या वेळाने धर्मशाळेचा माणूस नाकाला पंचा लावून आला आणि खोलीखोलीत वाकून बघू लागला. आमच्या दाराशी येऊन म्हणाला, "इधर कुछ मरा है क्या?" तांडेल ताडकन उठून बसले. "नाय. कोण मरा नाय. सुका है." मला हसू आलं आणि लगेच विरलं.

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या देवळामागच्या पिंपळाखाली गेलो. ज्याच्याखाली बुद्धाला ज्ञान झालं तो पिंपळ. जगभरातून आलेली माणसं डोळे मिटून बसली होती. तिबेटी लोकांनी रंगीत पताकांच्या दोऱ्या इकडून तिकडे बांधल्या होत्या आणि त्या पार डोक्यापर्यंत लोंबत होत्या. मी तांडेलांकडे पाहिलं आणि समजलो. त्यांना धरायच्या आत ते खांबापाशी पोचले होते. एक दोरी सोडली, ताणली, बांधली. दुसरी सोडली. लाल वस्त्रातले दोन भिक्षू आधी चकित झाले, मग त्यांतला एक हसत हसत दुसरं टोक धरून उभा राहिला. तांडेलांना आणि त्याला एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं, पण पताका मात्र सरळ रेषेत आल्या. त्या सबंध प्रवासात तांडेल खूश दिसले ते तेवढेच.

गडबड बघून एक भन्ते आले. आमचं बोलणं ऐकून मराठीत म्हणाले, "कुठले जी तुम्ही?" ते नागपूरकडचे निघाले. आम्ही तिथेच बसलो. मी त्यांना सगळं सांगितलं. भल्या माणसाने तांडेलांना समजावण्यासाठी गोष्ट सांगितली. एका बाईचं लेकरू मेलं. ती म्हणाली, ह्याला उठवा. बुद्ध म्हणाले, ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरातून मूठभर मोहरी आण. ती दारोदार हिंडली, आणि तिला कळलं.

"काय कळलं?" तांडेलांनी विचारलं.

"हेच जी, की मरण नाही असं घर नाही."

"तिला आमच्याकडं पाठवायची," तांडेल म्हणाले. "माज्या पोराच्या घरात कोण मेलं नाय. दिली असती मोहरी."

तांडेल देवळाकडे बघत होते. आतली मूर्ती त्यांनी सकाळी पाहिली होती. जरा वेळाने म्हणाले, "ह्याला बाप होता?"

"होता ना. राजा होता."

"घर सोडलं तवा बापाला सांगून गेला?"

"नाही जी. कुणालाच सांगितलं नाही. बायको होती, लेकरू होतं, सगळं टाकून गेला."

"मग बापानं काय केलं?"

"काय करणार? वाट पाहिली. माणसं पाठवली शोधायला."

"पिंड दिला नाय?"

"नाही."

"मग?"

"मग आले ना परत. बऱ्याच वर्षांनी. डोक्याचं मुंडण, हातात भिक्षापात्र. बापाच्याच नगरात दारोदार भिक्षा मागत होते. बाप धावत गेला भेटायला."

तांडेल उभे राहिले. चेहरा असा झाला होता की मी घाबरलो. "बग घाटी," ते म्हणाले, "वाट बगितली म्हणून आला. पिंड दिला असता तर कुठल्या घरी आला असता?"

सगळं सोडून द्यायला शिकवणाऱ्या त्या गावाने ह्या एका माणसाला काहीच न सोडण्याचं कारण दिलं. मी रात्री पुष्कळ डोकेफोड केली. सुनेचं नाव घेतलं, नवापूरकराचं घेतलं, माझ्याच्याने होईल तेवढं बोललो. ते एवढंच म्हणाले, "तिचं पण बगतो." मला वाटलं, कबूल झाले.

अमावास्येला सकाळी फल्गू नदीवर गेलो. वाळूच वाळू आणि मधून घोट्याएवढं पाणी. तांडेलांनी त्या पाण्यात पाय घातला आणि म्हणाले, "ह्यात सोडू माज्या पोराला? दर्यात वाढलेला तो." पंड्याला घाई होती. त्याच्यासमोर माणसांची रांग लागली होती. त्याने पीठ मळलं, दर्भ हातात दिला आणि विचारलं, "किसके नाम का पिंड?"

तांडेलांनी स्वतःचं नाव सांगितलं.

मी म्हटलं, "अहो, तुमचं नाही, मुलाचं नाव." त्यांनी पुन्हा स्वतःचंच सांगितलं आणि छातीवर हात ठेवला. "मेरा. मेरा डालो." मला वाटलं पंड्या हाकलून देईल. पण गयेत सगळ्याची सोय आहे. ज्यांच्या मागे करणारं कुणी नाही त्यांनी जिवंतपणी स्वतःचा पिंड देण्याचं देऊळ तिथे वेगळं आहे. पंड्याने आम्हाला एका पोरसवद्या गुरुजीच्या हवाली केलं, त्याने टेकडीवरच्या त्या देवळात नेलं, आणि तांडेलांनी आपल्या हाताने आपला पिंड देवाच्या हातावर ठेवला. मी खांबाला टेकून बसलो. तिकडे घिवलीच्या किनाऱ्यावर बायकांनी तिच्या बांगड्या एव्हाना फोडल्या असणार. तार करूनही उपयोग नव्हता.

गाडीत ते शांत होते, जवळजवळ आनंदात. मला समजावत होते. "आता बग. मी मेलो. मेल्या सासऱ्याची सून कुणाच्या ताब्यात? जाऊ दे तिला कुठं जायचं तिकडं. मी अडवत नाय." आणि मुलाचं? "तो येईल तवा येईल." ह्या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात एकाच वेळी कशा मावत होत्या, मला आजही सांगता येणार नाही. सुनेला सोडवायचं म्हणून हा माणूस खरोखर मरायला तयार झाला होता. फक्त मुलाला मारायला तयार नव्हता, आणि तिची सुटका त्याशिवाय होत नव्हती.

बोईसरला उतरून एसटीने घरी पोचलो. सून दारात आली. कपाळ पांढरं, हात मोकळे, गळा मोकळा. डोळे सुजलेले होते, पण चेहरा हलका होता. कितीतरी दिवसांनी रडून घेतल्यासारखा. तांडेल तिच्याकडे बघत उंबऱ्याबाहेरच थांबले.

"कुणी काढायला सांगितलं?"

ती माझ्याकडे वळली. "भाऊ, केलं ना?"

मी म्हटलं, "केलं. स्वतःचं केलं."

तिला पटकन कळलं नाही. मग कळलं. ती भिंतीला धरून खाली बसली. तांडेल आत गेले, फडताळातून तिची तुटलेली काळी पोत घेऊन आले. ती तोडताना मणी सांडू नयेत म्हणून बायकांनी फडक्यात बांधून ठेवली होती. पडवीत बसून त्यांनी एकेक मणी ओवला आणि जाळ्याला मारतात तशी बारीक गाठ मारली. ती गाठ ओली झाली की आणखी आवळते. पोत तिच्या पुढ्यात ठेवली. "कुठं पण जा, बाय. माहेरी जा. पण त्याची बाईल म्हणून जा. तो जिता हाय."

मी ओरडलो त्यांच्यावर. भाडेकरू असून ओरडलो. घरमालक ऐकून घेतात तसं त्यांनी ऐकून घेतलं. दिवे लागल्यावर बघतो तर पोत तिच्या गळ्यात होती.

पंचांनी हात वर केले. नवऱ्याचं झालं नाही, पाट नाही. नवापूरकराने पुढच्या माघात डहाणूकडची बायको केली. ती नवी बायकोही बोईसरच्या बाजारात बसायची, हिच्या शेजारीच. दोघी एकमेकींच्या टोपल्या राखायच्या. माझ्या बायकोने एकदा चिडून हिला म्हटलं, "जा ना माहेरी निघून. कशाला राबतेस त्या म्हाताऱ्यासाठी?" तर म्हणाली, "मेल्या माणसाला कोण जेवाय घालील, ताई?"

कारण तांडेल मेलेच होते. ते त्यांनी फार मनावर घेतलं. गावकीच्या बैठकीला बोलावलं की म्हणत, "मला काय विचारता, मी मेलोय." नारळी पौर्णिमेला नारळाला हात लावत नसत. लोकांनीही मग त्यांना मोजणं सोडलं. दोऱ्या मात्र ताणत राहिले. तेवढं मेलेल्या माणसाला चालत असावं. आणि संध्याकाळी पडवीत बसून भट्टीचे दिवे बघत. मी पुढे पालघरला बिऱ्हाड हलवलं. खरं सांगायचं तर मला त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

ते खरोखरचे गेले तेव्हा मी दहाव्याला गेलो. त्यांचा एक पुतण्या क्रिया करत होता. आधी वादच झाला, की गयेला एकदा झालंय तर पुन्हा करायचं का? एक म्हातारा म्हणाला, "तरी पण कावळ्याला विचारू." वाळूवर पिंड ठेवला. घिवलीत कावळ्यांना काय तोटा? वलांडीवर बोंबील वाळत होते आणि त्यांच्यावर कावळेच कावळे. पण पिंडाकडे एक फिरकेना. कुणी म्हणालं, मासळी सोडून भात कोण खाईल? पुतण्याने हात जोडून सांगितलं, होडी विकणार नाय. कावळा आला नाही. घर राखू. आला नाही. एकजण म्हणाला, "तांडेल, गावातल्या सगळ्या दोऱ्या ताणून ठेवतो." लोक हसले. ऊन चढत गेलं.

बायका अशा ठिकाणी येत नाहीत. पण सून लांब होड्यांच्या सावलीत उभी होती. केस कानाशी पांढरे झालेले. ती चालत आली, पुरुषांतून वाट काढून पिंडासमोर उभी राहिली. तिने हात जोडले नाहीत.

"मामा," ती म्हणाली, "त्यांचं मी कदी करणार नाय. माज्या जितेपणी कुणाला करू पण देणार नाय. जावा आता."

वलांडीवरून एक कावळा उठला, खाली आला आणि त्याने पिंडाला चोच मारली. भुकेला असेल. मी तरी तसंच समजतो. "शिवला, शिवला," म्हणत सगळे सुटल्यासारखे उठले आणि आंघोळीला पाण्याकडे गेले.

ती तिथेच उभी होती. मी जवळ गेलो. तिचा हात मानेमागे गेला होता आणि बोटं पोतीची गाठ चाचपत होती. मला वाटलं, आता तोडते.

"बगा ना भाऊ," ती म्हणाली, "इतकी वर्सं झाली. अजून सैल नाय झाली."